भरल्या पाण्याची वाट

कासारवाडी स्टेशनाकडून आत वळणाऱ्या गल्लीत नवाबभाईंचं बॅटरीचं दुकान आहे आणि दुकानावर त्यांचं घर. पण गल्लीत कुणालाही पत्ता विचारा, नवाबभाईंच्या नावानं तो सांगणार नाही. "बोटवाल्या परवीनभाभींकडं ना? ते काय, बॅटऱ्या मांडल्यात तिथं वर." ऐकणारा नवा असला तर गोंधळतो. समुद्र राहिला घाटाखाली. इथं बोट कसली?

बोट नाहीच. बोटीवरची यंत्रं मात्र येतात. भोसरीत शेखर नावाच्या गृहस्थांचं एक लहान वर्कशॉप आहे, तिथं परवीन लग्नानंतर पॅनेलला डाग द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, कामावर लागली, ती आज त्या यंत्रांची डॉक्टरीण झाली आहे. मासेमारीच्या बोटीवर सुकाणूसमोर एक पडदा असतो. त्यावर समुद्राचा नकाशा, नकाशात आपली बोट एवढ्याशा बाणासारखी, आणि जायचं तिथवर आखलेली एक रेघ. रेघेवर जागोजाग ठिपके. त्यांना म्हणायचं पॉइंट. एका पॉइंटपाशी पोचलं की यंत्र पीं करतं आणि पुढचा पॉइंट दाखवतं. कोळी लोक या सगळ्या भानगडीला नुसतं 'जीपीएस' म्हणून मोकळे होतात. खारं पाणी त्यात शिरतं, बटणं बसतात, पडदा काळा पडतो, आणि मग ते यंत्र खोक्यात बसून, टेम्पोतून घाट चढून परवीनच्या टेबलावर येतं.

खोकं उघडलं की सुक्या बोंबलाचा वास सुटायचा. बाकीच्या मुली ओढणी नाकाला लावायच्या. परवीन मात्र दोन क्षण तशीच थांबायची आणि मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची. तिचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. अब्बा तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. त्यांच्या वेळी यंत्र नव्हतं. डोंगराची सोंड आणि मशिदीचा मिनार एका ओळीत आला की जाळं टाकायचं, अशा खुणांवर त्यांनी सारा जन्म काढला. परवीन लहानपणी धक्क्यावर उभी राहून त्या खुणा पाठ म्हणायची. पण बोटीत मुलींना कोण नेतंय? ती धक्क्यावरच वाढली आणि धक्क्यावरूनच लग्न होऊन कासारवाडीला आली.

कामाला लागली त्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा तिनं एक बिघडलेलं यंत्र दुरुस्त करताना त्याची सगळी आठवण पुसून टाकली होती. तशी पद्धतच होती, पुसलं की यंत्र नव्यासारखं चालतं. यंत्र परत गेलं आणि हर्णैहून एका कोळ्याचा फोन आला. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, त्यात माज्या बापाच्या जागा होत्या."

बापानं मरण्याआधी मुलाला बोटीत घेऊन एकेक खडक दाखवला होता आणि मुलानं तो एकेक पॉइंट यंत्रात मारून ठेवला होता. तेव्हापासून तिनं स्वतःला नियम घालून घेतला. यंत्राला हात लावण्याआधी त्यातल्या वाटा उतरवून घ्यायच्या आणि दुरुस्ती झाली की होत्या तशा परत भरायच्या. काय काय नावं दिलेली असत लोकांनी! 'घर', 'घर दुसरं', 'सासऱ्याचा दगड', 'इथं जाऊ नको', 'रेहानाची पापलेटं'. यंत्र बरं झालं की ती त्याला सरावाच्या मोडवर टाकायची आणि 'घर' नावाची वाट लावून द्यायची. पडद्यावरचा बाण हळूहळू सरकायचा, पॉइंटमागून पॉइंट घेत कुठल्या तरी अनोळखी बंदरात शिरायचा. परवीन डबा खाता खाता ते बघायची. अशा रीतीनं तिनं सगळा कोकणकिनारा पालथा घातला होता, पण पाण्यावर बोटीचं चाक काही हातात धरलं नव्हतं.

मग एक दिवस वर्कशॉपवर करिष्मा आली.

अंगावर कंपनीचं जॅकेट, स्कूटीच्या पायाशी टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र. माहेर चऱ्होलीचं, सासर चाकणच्या पुढं धामणदऱ्याच्या धरणापलीकडच्या वाडीत. नवरा ज्ञानेश चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत पाळीवर. वाडीला रस्ता आहे, पण तो डोंगराला वळसा घालून येतो. म्हणून माणसं लाँचनं धरण ओलांडतात. पाळीचे कामगार, शाळेची पोरं, दुधाचे कॅन, सगळं त्या एका लाँचवर. जुनी लाँच मोडीत निघाली तेव्हा वाडीच्या कमिटीनं कोकणातून एक वापरलेली लाँच आणली. हे यंत्र तिच्यासोबत फुकट आलेलं.

"चालू होतंय ताई," करिष्मा म्हणाली, "पण यात आमचं धरणच नाही. नुसता पांढरा पडदा दिसतो आणि मधोमध आमची बोट. डोंगरावर चढल्यासारखी."

परवीनला हसू आलं. "धरण कसं असेल? हा समुद्राचा नकाशा. समुद्राची खोली कुणीतरी मोजून ठेवलीय म्हणून तो यात आहे. तुमचं धरण कुणी मोजलंय?"

"माझ्या सासऱ्यांनी," करिष्मा पटकन म्हणाली. "लाँच तेच चालवतात. पण सगळं डोक्यात आहे त्यांच्या. आणि थंडीत धुकं पडलं की ते सुद्धा लाँच सोडत नाहीत. माणसांचे खाडे पडतात. ज्ञानेशला तर दोनदा मेमो मिळालाय."

परवीननं यंत्र उलटसुलट करून पाहिलं. आकाशातले उपग्रह काही समुद्र आणि धरण असा भेद करत नाहीत. बोट कुठं आहे ते यंत्र इथंही सांगणारच. नकाशा नसेना, वाट तर आखता येईल. भोसरीला गुरुवारी सुट्टी असते. "गुरुवारी येते," ती म्हणाली. "सासऱ्यांना सांगून ठेव."

दत्तोबांना सांगून ठेवलं होतं, पण त्याचा काही उपयोग झाला नव्हता. सत्तरी गाठलेला काटक माणूस, डोक्याला मुंडासं, डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. लाँचच्या टोकाला बसून ते दोर वळत होते.

"ह्यो डबा मला माजं धरण दावनार?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"न्हाई आबा," परवीन म्हणाली. "तुमी डब्याला दाखवायचं."

दत्तोबांनी मान वर केली. बाई आपल्यासारखी बोलते की चेष्टा करते, ते त्यांना कळेना. पण दोर खाली ठेवून ते उठले.

पहिली वाट परवीननं सरळ आखली. या धक्क्यावर एक पॉइंट, त्या धक्क्यावर एक पॉइंट, मध्ये रेघ. पाणी भरलेलं होतं, ऊन स्वच्छ होतं. तिनं वाट चालू केली आणि दत्तोबांना म्हणाली, "बाण रेघेवर ठेवा." दत्तोबांनी ठेवला. अर्ध्यावर आल्यावर मात्र त्यांनी चाक फिरवलं आणि लाँच रेघ सोडून बाजूला गेली. यंत्र बोंबलायला लागलं.

"आबा, रेघ सुटली."

"सुटू दे. तितं भैरोबा हाय."

धरण झालं तेव्हा वाडीनं देवाची मूर्ती वर आणून नवं देऊळ बांधलं होतं. पण जुनं दगडी देऊळ तळाशी तसंच राहिलं होतं. इतकी वर्षं दत्तोबा त्याला वळसा घालून जात होते आणि लाँचमधली माणसंही त्याला सरावली होती.

"देवाच्या डोक्यावरनं जायाचं व्हय?" ते म्हणाले. आता ही शिकलेली बाई आपल्याला शहाणपण शिकवणार, या तयारीनं त्यांनी हनुवटी पुढं काढली होती.

परवीननं एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूनं जायचं?"

दत्तोबा जरा थबकले. "देव उजव्या हाताला ऱ्हायला पायजे."

"येताना पण?"

"येताना पन. परदक्षिना उलटी आसती का कुटं?"

परवीननं कपाळावर हात मारला. यंत्रात एक सोयीचं बटण असतं. जायची वाट एकदा आखली की तीच उलटी करून यायची वाट मिळते. इथं ते कामाचं नव्हतं. जाताना देवाच्या एका अंगानं, येताना दुसऱ्या. तिनं रेघ मोडली, देवळाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक पॉइंट मारला, आणि यायची वाट वेगळी आखली. दत्तोबा तिच्या बोटांकडे पाहत होते. मग त्यांनी खिशातली तंबाखूची डबी काढली, पुढं केली, बाई आहे हे ध्यानात येऊन परत खिशात ठेवली, आणि करिष्माला म्हणाले, "पोरी, घरून च्या आन बाईस्नी."

त्यानंतर गुरुवार म्हणजे धरण, असं ठरूनच गेलं. परवीननं लाँचच्या तळाला पाण्याची खोली मोजायचा आणि पाणी कमी झालं की भोंगा वाजवायचा यंत्राचा डोळा बसवला. दत्तोबा मात्र दोराला दगड बांधून स्वतः पाणी मोजायचे आणि यंत्राचा आकडा पडताळून घ्यायचे. परवीन अब्बांच्या सवयीनं वावात, म्हणजे पसरलेल्या हातांच्या मापात बोलायची, दत्तोबा विहिरीच्या सवयीनं पुरुषात, म्हणजे हात वर केलेल्या माणसाच्या उंचीत. "दोन पुरुस पानी," ते म्हणायचे. "दोन कुठं आबा, अडीच वाव आहे," ती म्हणायची. मग दोघंही हात पसरून, उंची लावून आपापलं माप सिद्ध करायला बघायची आणि करिष्मा यंत्रावरचा मीटरचा आकडा वाचून दोघांचंही तोंड बंद करायची.

दत्तोबांना पाण्याखालचं सगळं गाव पाठ होतं. ही पाटलांची विहीर, कठडा अजून उभा. हा खळ्याचा खांब. इथं आमचा गोठा. आणि त्या अंगाला कदमांचा चिंचेचा मळा. झाडं तोडायची राहून गेली होती. पाणी भरलेलं असलं की शेंडे खोल असतात. पाणी उतरायला लागलं की तेच शेंडे लाँचच्या पोटाला लागतात. दत्तोबा सांगायचे, परवीन पॉइंट मारायची आणि नाव घालायची: 'पाटील विहीर', 'गोठा', 'चिंच'. पांढऱ्या पडद्यावर गाव पुन्हा ठिपक्याठिपक्यानं वसत होतं. एकदा दत्तोबांची बायको रुक्मिणीबाई भाकरी घेऊन लाँचवर आली. तिनं पडदा न्याहाळून पाहिला आणि म्हणाली, "आमचा गोठा लिवला, आन आमचं घर कुटं हाय?" दत्तोबा गडबडले. घराच्या चौथऱ्याला लाँच लागत नाही, म्हणून ते सांगायचं त्यांना सुचलंच नव्हतं. "त्याचा धोका न्हाई ना," ते पुटपुटले. रुक्मिणीबाईनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की परवीननं मुकाट्यानं लाँच तिकडे घ्यायला लावली आणि 'घर' असा एक पॉइंट मारला.

शेवटी चार वाटा झाल्या. भरल्या पाण्याची जायची आणि यायची, उतरल्या पाण्याची जायची आणि यायची. उतरल्या पाण्याची वाट मळ्याला लांबून वळसा घालायची. कुठली वाट कधी लावायची, यासाठी दत्तोबांनी धक्क्याजवळच्या खडकावर चुन्याचा पांढरा पट्टा ओढला. पाणी पट्ट्याच्या वर असेल तर भरली वाट, खाली गेलं की उतरली.

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं वाजलं. भरल्या पाण्याची वाट दत्तोबांना मळ्यापासून अजून लांब हवी होती.

"आबा, एवढं पाणी असताना शेंड्यांवरून आख्खी इमारत जाईल," परवीन म्हणाली. "उगीच वळसा. माणसं कुरकुरतात, पाळी चुकते म्हणून."

"पान्याला आसं मोजून जवळ जाऊ नये, पोरी."

"मोजूनच तर जायचं असतं आबा."

दत्तोबा उठून चाकापासून बाजूला झाले. "मंग घे," ते म्हणाले. "तूच ने एक डाव. तुझी रेघ हाय."

परवीन बघतच राहिली. मग तिनं चाक धरलं. टेबलावर ज्या बाणांना तिनं इतकी वर्षं बंदरात नेलं होतं, ते किती गुणी होते! ही लाँच तर म्हशीसारखी. चाक फिरवलं तरी जागची हलत नव्हती, आणि एकदा वळायला लागली की थांबत नव्हती. रेघेच्या या अंगाला, त्या अंगाला, पुन्हा या अंगाला. मागं पडलेली तिची वाट पडद्यावर सापासारखी वळवळत होती. दत्तोबा पोट धरून हसले. पण परवीननं चाक सोडलं नाही. पलीकडच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्या तोंडभर हसू होतं. संध्याकाळी तिनं अब्बांना फोन लावला. "अब्बा, आज मी बोट चालवली." पलीकडे म्हातारा बराच वेळ खोकला आणि मग म्हणाला, "लागली कुठं?" "नाही." "मग बरी चालवलीस."

पौषात दत्तोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लाँच करिष्माच्या हाती आली. तिनं कंपनीतून रजा घेतली होती आणि दत्तोबांच्या हाताखाली चाक धरायला ती कधीच शिकली होती. वाडीत थोडी कुजबुज झाली. बाईच्या हातात लाँच, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण दोन-चार माणसं डोंगराच्या रस्त्यानं जायला लागली. करिष्मानं ते पाहिलं आणि परवीनला फोन केला, "ताई, धुक्याच्या पहिल्या दिवशी तुम्ही पाहिजेत."

धुकं पडणार असा गारठा सुटला, तशी परवीन बुधवारी संध्याकाळीच वाडीत मुक्कामाला गेली. सकाळी उठून पाहते तर अंगणातला गोठासुद्धा दिसत नव्हता. धक्क्यावर पाळीची माणसं कानटोप्या घालून उभी होती. दत्तोबा काळा चष्मा लावून येऊन बसलेले. डॉक्टरांनी घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं होतं. "मी कुटं भाईर पडलो? मी तर लाँचीत बसलो," ते म्हणाले.

करिष्मानं लाइफ जॅकेटं वाटली, भरल्या पाण्याची वाट लावली आणि दोर सोडला.

पहिला पॉइंट आला, यंत्र पीं करून पुढं सरकलं. भैरोबा उजव्या हाताला ठेवून लाँच गेली. माणसांनी सवयीनं हात जोडले, जोडलेले हात कुणाला दिसत होते ते देवच जाणे. परवीन करिष्माच्या खांद्यामागं उभी होती. सगळं रेघेवर होतं. आणि तेवढ्यात खोलीचा भोंगा वाजला.

करिष्मानं झटक्यात इंजिन बंद केलं. लाँचच्या पोटाखालून खरवडल्याचा आवाज आला, लांबलचक, जणू कुणी नखं ओढतंय. बायकांतून एक किंकाळी उठली. धुक्यात लाँच नुसती तरंगत राहिली, आणि पडद्यावरचा बाण गरगर फिरायला लागला. कधी पुढं तोंड, कधी मागं.

"ताई, हे काय? कुठं वळू मी? हे तर वेड्यासारखं करतंय!"

"बाणाकडं बघू नको," परवीन म्हणाली. "बोट थांबली की त्याला तोंड कुठं ते कळत नाही. आपण कुठं आहोत तो ठिपका मात्र खरा असतो. ठिपका बघ."

"खाली काय वाजलं?" दत्तोबांनी काळ्या चष्म्याआडून विचारलं.

"फांदी होती आबा."

"मंग आपन कदमांच्या चिंचंवर हाय. पानी उतरलंय." ते शांतपणे म्हणाले. "कालव्याला रातीत सोडलं आसंल."

करिष्मानं ओठ चावला. धुक्यात खडकावरचा पट्टा दिसलाच नव्हता. काल संध्याकाळी पाणी पट्ट्याच्या वर होतं, त्या भरवशावर तिनं भरली वाट लावली होती. पण परवीनला दुसरंच दिसत होतं. उगीच वळसा नको म्हणून तिनं ही रेघ मळ्याला खेटून नेली होती. पाणी पट्ट्याच्या खाली हातभर गेलं तरी गोत्यात येईल, अशी. आणि आबा नको म्हणत होते.

"आबा, चूक माझी," ती म्हणाली.

"चुकीचं मंग बगू," दत्तोबा म्हणाले. "आदी सांग, आलो कुन्या वाटंनं?"

त्या प्रश्नानं परवीन भानावर आली. लाँच जिकडून आली तिकडे पाणी खोल होतं, हे तर नक्की. आणि यंत्रानं आपण आलेली वाट तुटक रेघेनं मागं काढून ठेवलेली होती. "करिष्मा, वळायचं नाही. ज्या तुटक रेघेनं आलो त्याच रेघेनं मागं घे. सरळ मागं, अगदी हळू."

इंजिन पुन्हा सुरू झालं. दत्तोबांनी लांब बांबू मागवला आणि लाँचच्या मागच्या टोकाला जाऊन पाण्यात धरला. दिसत तर काही नव्हतं, पण हाताला कळत होतं. "हाय, हाय... लागतंय... आता सुटली. सुटली, पोरी." भोंगा थांबला. लाँच मोकळ्या पाण्यात आली. करिष्मानं यंत्राची बटणं दाबून उतरल्या पाण्याची वाट लावली. तिची बोटं थंडीनं की कशानं, दोनदा चुकली.

"आता थोडी गती दे," परवीन म्हणाली.

"धुक्यात गती?"

"थोडीच. बोट चालली की बाण शहाणा होतो."

आणि झालं तसंच. बाणाचं डोकं ठिकाणावर आलं. करिष्मा पडद्याकडे एकदा बघायची आणि मग पुढं, पांढऱ्या धुक्यात, उगीचच दिसल्यासारखं करत चाक स्थिर धरून राहायची. मळ्याला लांबचा वळसा पडला. शेवटचा पॉइंट पीं म्हणाला आणि समोर धक्क्याचे टायर एकदम हात लावण्याएवढे जवळ दिसले.

उतरताना एक वयस्कर कामगार करिष्मापाशी थांबला. डोंगराच्या रस्त्यानं जाणाऱ्यांतलाच तो एक होता, आज धुक्यामुळं नाइलाजानं आलेला. "संध्याकाळी हायेस ना?" त्यानं विचारलं. "हाय की," करिष्मा म्हणाली. त्यानं मान हलवली आणि तो पाळीच्या बसकडे पळत सुटला.

माणसं गेल्यावर परवीन यंत्रापुढं बसली. तिनं भरल्या पाण्याची वाट उघडली आणि मळ्याजवळचा पॉइंट उचलून दूर नेला. "एवढा पुरे का आबा?" दत्तोबांना चष्म्यातून पडदा दिसत नव्हता. "तूच ठरव," ते म्हणाले. तिनं तो अजून दूर नेला. मग दत्तोबा म्हणाले, "मी पन्नास वरसं पान्यावर हाय. तीनदा बोट लावली. पयल्यांदा तर धरणाच्या आदी, नदीतल्या दगडावर, आन वर नवरी बसल्याली." आणि ती नवरी कोण होती ते सांगताना त्यांना इतकं हसू आलं की करिष्मा ओरडली, "आबा, डोळ्याला ताण पडेल!" नवरी रुक्मिणीबाईच होती.

चष्मा निघाला तेव्हा दत्तोबांनी पहिल्यांदा तो पडदा नीट पाहिला. विहीर, गोठा, मळा, घर. मग म्हणाले, "येवढंसंच व्हतं व्हय गाव?" पण चाक त्यांनी परत घेतलं नाही. करिष्मानं परवान्याची परीक्षा दिली, कंपनी सोडली, आणि लाँच तिचीच झाली. दत्तोबा रोज सकाळी खडकावरचा पट्टा बघून येतात आणि पाणी वर आहे की खाली ते तिला ओरडून सांगतात. धुकं असलं तर हात लावून बघून येतात.

यंदा उन्हाळ्यात परवीननं नवाबभाईंना धरणावर नेलं. मुलगी कशफचं ताथवड्याच्या कॉलेजातलं शेवटचं वर्ष संपलं होतं, तीही सोबत होती. नवाबभाईंनी जन्मभर बॅटऱ्यांचं पाणी पाहिलेलं, त्याहून जास्त पाण्याशी त्यांचा संबंध आला नव्हता. त्यांनी लाइफ जॅकेटाचे सगळे पट्टे आवळले आणि फळीला दोन्ही हातांनी घट्ट धरून ते मधोमध बसले.

"भाभी चालवनार हायेत आज," दत्तोबांनी त्यांना सांगितलं.

"कोण भाभी?" नवाबभाईंनी विचारलं आणि चाकावर परवीनला पाहून त्यांचा चेहरा उतरला. "अगं परवीन, तुला येतं का हे?"

"गप बसा," परवीन म्हणाली. "गडबड केली तर रेघ सुटते."

लाँच धक्क्यावरून सुटली. वारा होता, लाँच एकदा या अंगाला झुकली, एकदा त्या. नवाबभाईंनी डोळे मिटून घेतले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. दत्तोबा त्यांच्याशेजारी सरकून बसले. "घाबरू नगा, पावनं," ते म्हणाले. "बाई रेघ सोडत न्हाई. मी सांगून थकलो." नवाबभाईंनी एक डोळा उघडला. ऊन पाण्यावर पसरलं होतं. परवीन पदर कमरेला खोचून, पाय फाकवून उभी होती आणि तिची नजर समोर होती. एवढी ताठ उभी असलेली बायको त्यांनी याआधी कधी पाहिली नव्हती. त्यांनी फळीवरचा एक हात सोडला. दुसरा काही पलीकडच्या धक्क्यापर्यंत सुटला नाही.

तिकडे रुक्मिणीबाईनं धरणातल्या मरळ माशाचं कालवण आणि बाजरीच्या भाकरी करून ठेवल्या होत्या. नवाबभाई जेवायला बसले ते बोलायचंच विसरले. तिसरी भाकरी वाढताना रुक्मिणीबाईनं विचारलं, "परत बी लाँचीनंच जानार न्हवं?"

नवाबभाईंनी पाण्याकडे पाहिलं, मग डोंगराच्या रस्त्याकडे पाहिलं. "चालवणार कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"करिष्मा," परवीन म्हणाली.

"मग लाँचनं," ते म्हणाले. कशफ खो खो हसली, परवीननं डोळे वटारले, आणि नवाबभाईंनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला.